वजनकाट्याला न दिसणारी चरबी

जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरावी, यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते. पण काही शरीरांत या पेशी त्याला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात आणि तेवढेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंडाला कितीतरी अधिक इन्सुलिन ओतावे लागते. या अवस्थेला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. तिच्यातली खोच अशी की, स्वादुपिंड जोवर ही जादा मागणी पुरवू शकते तोवर रक्तातील साखर बहुधा मर्यादेतच राहते. त्यामुळे उपाशीपोटीच्या तपासणीचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि मूळ बिघाड वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

रक्तदाब, ट्रायग्लिसराइड या चरबीची वाढ, एचडीएल या हितकारक कोलेस्टेरॉलची घट आणि साखरेचा बिघाड ही दुखणी एकाच माणसाच्या वाट्याला वारंवार एकत्र का येतात, याचे उत्तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये इन्सुलिन प्रतिरोधात शोधले आणि या समूहाला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम या नावाने रूढ झालेल्या या कल्पनेच्या पहिल्या मांडणीत यकृतातील चरबीला मात्र जागा नव्हती, आणि आज पाहता तीच त्या मांडणीतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले यकृताकडे जाणाऱ्या शिरेवाटे थेट तेथे पोहोचतात. मांडीवरच्या किंवा त्वचेखालच्या चरबीला ही जवळची वाट नसते. एरवी इन्सुलिन यकृताला दोन कामे सांगते: रक्तात साखर सोडणे थांबवावे, आणि जादा साखरेची चरबी करून ठेवावी. प्रतिरोध आलेले यकृत पहिले काम मनावर घेत नाही, दुसरे मात्र निमूटपणे करत राहते, त्यामुळे रक्तात साखरही वाढत जाते आणि यकृतात चरबीही. साठा वाढला की यकृत ती चरबी ट्रायग्लिसराइडने भरलेल्या सूक्ष्म कणांच्या रूपाने रक्तात पाठवू लागते. त्या ओघात एचडीएल घटते, एलडीएल या अपायकारक कोलेस्टेरॉलचे कण लहान व घट्ट होतात आणि रोहिणींच्या भिंतीत शिरून तेथे थर धरू लागतात. यकृतात अशी चरबी साठलेल्या, म्हणजेच फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमुख कारण यकृताचा विकार नसून हृदयविकार असतो, ही वरकरणी चमत्कारिक वाटणारी गोष्ट या साखळीमुळे समजते. मद्याशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरचे जुने नाव २०२३ मध्ये तज्ज्ञांनी बदलून नव्या नावात चयापचयाच्या बिघाडाचा उल्लेख घातला, त्यामागेही हीच जाणीव होती.

भारतीयांच्या बाबतीत हे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि ते उलगडण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा वाटा मोठा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. वजनकाट्याची मर्यादा इतक्या थोडक्यात दाखवणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

हा फरक जन्मापासूनच असतो, असे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या मातापोषणाच्या अभ्यासातून दिसले. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते; पण ही घट सर्व अंगांत सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान, तर खवाट्याखालची चरबी जवळजवळ टिकून राहिलेली, अशी ही बाळे होती. जेवणानंतरच्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तेच कमी भरले तर इन्सुलिनवरचा ताण आरंभापासूनच वाढतो.

म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ मानली जाते, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत गेला की सावध व्हावे असे सांगितले जाते. घेर मोजताना टेप पँटच्या पट्ट्याच्या जागी धरू नये, कारण सुटलेल्या पोटाखाली उतरलेला पट्टा खरे माप लपवतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर माप घ्यावे. मानेच्या मागे किंवा काखेत येणारा मखमली काळपटपणा हीदेखील इन्सुलिन प्रतिरोधाची खूण असू शकते. पुष्कळ घरांत तो मळ समजून दगडाने घासला जातो. सोनोग्राफीच्या अहवालातील ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ ही ओळ तर ‘हल्ली सगळ्यांनाच असते’ म्हणून सोडून दिली जाते. एखाद्या चाळिशीच्या माणसाची साखर ९६, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६ आणि सोबत ही ओळ, असे चार कागद वेगवेगळ्या फायलींत पडून राहिले, तर ते एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांनी उतरल्यास यकृताची सूजही ओसरू शकते. चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत घेतात, ही शरीराने ठेवलेली मागची वाट म्हणायची. जेवणानंतर शतपावली करण्याच्या जुन्या प्रथेत तिचाच उपयोग होतो, फक्त शंभर पावले फार थोडी पडतात. वजन मुळातच बेताचे असलेल्यांसाठी स्नायू वाढवणारा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांना अधिक महत्त्व येते, कारण त्यांच्यात उणीव असते ती तेथेच. पुण्याजवळच्या खेड्यांतील ती बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची, विशेषतः मुलग्यांची, साखर मधुमेहपूर्व पातळीला पोहोचलेली आढळली. अंगकाठीने मात्र त्यांतील बहुतेक बारीकच होती.