कॅमेरा मागे वळला तेव्हा

ऑगस्ट २०१४मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर 'पी.टी.' नावाचा एक छोटासा भयगेम फुकट मिळू लागला. एका घरातला काटकोनात वळणारा बोळ, त्याच्या टोकाला दार, आणि दार उघडलं की पुन्हा त्याच बोळाची सुरुवात. बस, एवढाच पसारा. हिदेओ कोजिमा आणि गिलेर्मो देल तोरो या जोडगोळीने 'सायलेंट हिल' मालिकेतल्या पुढच्या गेमची झलक म्हणून तो बनवला होता. तो पुढचा गेम रद्द झाला आणि एप्रिल २०१५मध्ये पी.टी.सुद्धा सोनीच्या ऑनलाइन दुकानातून गायब झाला. पण ज्यांनी तो खेळला होता, त्यांच्या मनातून लिसा नावाचं त्यातलं भूत काही गेलं नाही. ती सतत आपल्या पाठीशीच आहे असं वाटायचं, आणि वळून बघावं तर कुणी नाही.

सप्टेंबर २०१९मध्ये लान्स मॅक्डोनल्ड या ऑस्ट्रेलियन मॉडरने, म्हणजे गेमच्या आत ढवळाढवळ करणाऱ्या हौशी गड्याने, फेरफार केलेल्या पीएस४ वर या गेमचा कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांतून बाहेर काढला आणि मागे वळवला. लिसा तिथेच होती. टॉर्च हातात आल्या क्षणापासून गेम तिला खेळाडूच्या पाठीला जोडून टाकतो. खेळाडू वळला की तीही त्याच्याबरोबर वळते. मध्येच कुठेतरी दिसणारी अनोळखी सावलीही तिचीच. पाच वर्षं लाखो लोक जिला पाठीवर घेऊन त्या बोळात फिरले, ती दिसायला कॅमेऱ्याची जागा सांगणारे काही आकडे बदलावे लागले.

हा उद्योग मात्र २०१९चा नाही. त्याची मुळं १९९०च्या दशकात, खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत आहेत.

आपल्याकडच्या एका पिढीला 'चीट' म्हटलं की 'कॉन्ट्रा'मध्ये तीस आयुष्यं देणारी बटणांची माळ आठवते, नाहीतर 'व्हाइस सिटी'मध्ये कीबोर्डवर बडवलेले शब्द. ते चीट गेम बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेले असत. घरमालकाच्या संमतीने उघडं राहिलेलं मागचं दार म्हणा. दुकानातले ते प्लॅस्टिकचे डबे मात्र भिंतीला स्वतः भोक पाडत. त्यांतलं पहिलं गाजलेलं नाव 'गेम जीनी'. ब्रिटनमधल्या कोडमास्टर्सने ते बनवलं आणि अमेरिकेत गालूब या खेळणी कंपनीने विकलं. निन्टेन्डोची कॅसेट आणि कन्सोल यांच्या मधोमध ते बसे. कन्सोलने कॅसेटला एखाद्या पत्त्यावरचा आकडा विचारला की कॅसेटचं उत्तर अडवून जीनी आपलं उत्तर पुढे करी. मूळ कॅसेटला धक्काही लागत नसे.

दुसरं नाव 'ॲक्शन रिप्ले', इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या डेटेल कंपनीचा. अमेरिकेत इंटरॲक्ट कंपनीने डेटेलचीच यंत्रं 'गेमशार्क' या नावाने विकली. यांची रीत निराळी. ती कॅसेटवरचा किंवा सीडीवरचा प्रोग्रॅम सोडून कन्सोलच्या चालू स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, हात घालत. आयुष्यं किती उरली, गोळ्या किती, घड्याळात किती सेकंद, हे सगळे रॅममधले आकडेच. यंत्र ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा आपल्या मर्जीने पुन्हा पुन्हा लिहीत राही. गोळ्या संपणार कशा?

गिऱ्हाईक यायचं ते या न संपणाऱ्या गोळ्यांसाठी. कॅमेरा कुणाच्या गावीही नव्हता, कारण सपाट गेममध्ये कॅमेरा असा नसतोच. चित्र डावीकडून उजवीकडे सरकतं, एवढंच. जून १९९६मध्ये जपानात निन्टेन्डो ६४ आणि त्याच्याबरोबर 'सुपर मारिओ ६४' आला, तेव्हा हे बदललं. आता जग त्रिमित होतं, तेव्हा ते कुठून बघायचं हा प्रश्न आला. निन्टेन्डोने त्या प्रश्नालाच एक पात्र बनवलं. गेम सुरू होतो तेव्हा लाकितू नावाचा ढगावर बसलेला कासवासारखा प्राणी काठीला कॅमेरा लटकवून येतो आणि सांगतो की तुमचं चित्रण मी करणार आहे. पुढे तो सहसा दिसत नाही. किल्ल्यातल्या आरशांच्या खोलीत मात्र मारिओच्या प्रतिबिंबामागे तोही तरंगताना दिसतो. त्यातही गंमत अशी, की तिथे आरसा नाहीच. काचेपलीकडे तशीच दुसरी खोली उलटी बांधलेली आहे आणि तिच्यात दुसरा, उलटा मारिओ नाचवला जातो. कॅमेरा त्या काचेतून पलीकडे नेला की सगळं बिंग फुटतं.

कॅमेरा न्यायचा कसा, हे नीट बघण्यासारखं आहे. गेममधला कॅमेरा म्हणजे जेमतेम मूठभर आकडे: तो कुठे आहे याचे तीन, कशाकडे बघतोय याचे तीन, आणि किती रुंद बघतोय याचा एक. ते सापडायला हवेत एवढीच अडचण. पहिल्या प्लेस्टेशनची रॅम दोन मेगाबाइट, म्हणजे २० लाख ९७ हजार १५२ खणांची. त्यांतला नेमका खण शोधायची युक्ती पोरं आपसांत खेळतात त्या 'माझ्या मनातला आकडा ओळख'सारखीच. पात्राला कॅमेऱ्यासकट जिना चढवायचा आणि यंत्राला सांगायचं, वाढलेले तेवढे आकडे ठेव. मग उतरवायचं: कमी झालेले ठेव. मग नुसतं उभं राहायचं: न बदललेले ठेव. असं करत करत लाखांचे शेकडे होतात, शेकड्यांचे दहा-वीस. मग एकेक बदलून बघायचा. बऱ्याचदा गेम गोठतो, कधी पात्राचं डोकं फुग्यासारखं फुगतं, आणि एखाद्या वेळी सगळं दृश्य अलगद वर उचललं जातं. निन्टेन्डो ६४ साठीच्या 'गेमशार्क प्रो'मध्ये ही शोधाशोध यंत्रातच करायची सोय होती. मात्र त्यासाठी रॅम वाढवणारा एक्सपान्शन पॅक लागे.

सापडलेला कोड दिसायला रूक्ष. 'सुपर मारिओ ६४'मध्ये कॅमेऱ्याच्या दृष्टीचा कोन एरवी ४५ अंशांचा असतो. अपूर्णांक साठवायच्या पद्धतीनुसार ४५ हा आकडा स्मृतीत ४२३४ ०००० असा लिहिला जातो आणि ६० हा ४२७० ०००० असा. दोन्हींचा उत्तरार्ध शून्यच. त्यामुळे एका वेळी अर्धाच आकडा लिहू शकणाऱ्या यंत्राला ४२३४ च्या जागी ४२७० लिहिणारी एकच ओळ पुरते, आणि दृष्टी ऐसपैस होते.

पण कॅमेऱ्याची जागा गोळ्यांच्या आकड्यासारखी स्वस्थ बसणारी नसते. गेम ती दर चौकटीला, म्हणजे फ्रेमला, नव्याने मोजून लिहितो, यंत्रही आपला आकडा लिहितं, आणि या ओढाताणीत पडदा थरथरतो. मग जाणकारांनी आकड्याचा नाद सोडून तो लिहिणाऱ्या आज्ञेलाच हात घातला. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ या दोन्हींचे प्रोसेसर मिप्स घराण्यातले. त्यांच्या आज्ञेच्या पहिल्या अर्ध्या भागात २४०० लिहिलं, की तिचा अर्थ होतो: 'शून्यात अमुक मिळव आणि उत्तर शून्याच्याच खात्यात टाक'. ते खातं कायम शून्यच राहतं, म्हणजे आज्ञा पाळली जाते पण घडत काहीच नाही. त्या काळातल्या कोडांच्या याद्यांत २४०० इतक्या वेळा भेटतो, तो यामुळे. कॅमेरा हलवणारी आज्ञा अशी मुकी झाली, की तो सोडाल तिथे उभा राहतो. 'डी०'ने सुरू होणारी अटीची ओळ आधी लावली की अमुक बटण दाबलं तरच हलतो. झाला मोकळा कॅमेरा.

आणि मोकळ्या कॅमेऱ्याला काय दिसलं? बहुतेक वेळा काहीच नाही. तेच खरं मजेचं.

'क्रॅश बँडिकूट' घ्या. १९९४मध्ये अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन बोस्टनहून लॉस एंजेलिसला गाडीने निघाले असताना, उड्या मारणाऱ्या पात्राचा खेळ त्रिमित केला तर काय होईल, याचा खल त्यांच्यात चालला होता. होईल काय, तर खेळाडूला सारखी पात्राची पाठच दिसणार! म्हणून त्यांनी त्या कल्पनेला, सॉनिक या उड्या मारणाऱ्या गाजलेल्या गेमपात्रावरून, 'सॉनिकचं बूड' असं टोपणनाव दिलं. १९९६मध्ये गेम आला, तेव्हा त्याचं जंगल बघून लोक थक्क झाले. प्लेस्टेशनला एवढं झेपतं कसं? उत्तर कॅमेऱ्यात होतं. तो रुळावरून जावा तसा ठरलेल्या वाटेनेच जातो. त्या वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणाहून कुठले त्रिकोण दिसतात आणि कुठले झाकले जातात, याचा हिशेब नॉटी डॉग या त्यांच्या कंपनीतल्या लोकांनी सिलिकॉन ग्राफिक्सच्या संगणकांवर आधीच करून सीडीवर भरला होता. कन्सोलला फक्त दिसणारं तेवढं रंगवायचं काम. अशा गेममध्ये कॅमेरा रुळावरून उतरवला, की झाडांना मागची बाजू नसते, खडक पोकळ निघतात, आणि जंगल म्हणजे एका विशिष्ट डोळ्यासाठी कापलेली सालं आहेत हे कळतं. काहींना यात फसवणूक दिसते. खरं तर हे कसब आहे. दिसणार नाही ते न बांधण्याचा हिशेब ज्याला जमला, त्याचंच जंगल घनदाट झालं.

त्याच वर्षीच्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये तर मागचा वाडा त्रिमित नाहीच. प्रत्येक खोलीत कॅमेऱ्याच्या जागा ठरलेल्या आणि त्या त्या जागेवरून आधीच काढून ठेवलेली चित्रं. माणसं आणि झोंबी तेवढे खरोखर त्रिमित. कोड वापरून कॅमेरा कलता केला, तर माणसं कलतात आणि वाडा जागचा हलत नाही. नायक जिन्यावर पाय ठेवायचा तो हवेत ठेवतो. 'लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम'मधला गजबजलेला बाजारही असाच चित्रातला. 'सायलेंट हिल'मध्ये हे काम धुक्याने केलं: दूरचं गाव काढायची ताकद कन्सोलमध्ये नव्हती, म्हणून गावावर धुकं पसरलं, आणि तेच धुकं पुढे मालिकेची ओळख बनलं.

कधीकधी उलटही घडे. नसावं तिथे काहीतरी असे. 'गोल्डनआय ००७'च्या पहिल्याच टप्प्यात धरणाच्या पाण्यापलीकडे एक बेट दिसतं. बंदुकीच्या दुर्बिणीतून त्यावरचं बांधकामही दिसतं, पण सरळ मार्गाने तिथे जाताच येत नाही. गेमशार्कवाले भिंती ओलांडणारे कोड लावून तिथे पोचले. ऑकरिनात कोडांनी 'स्टार फॉक्स' या भलत्याच गेममधलं आर्विंग विमान सापडलं, आणि ते चक्क नायकावर गोळ्या झाडत होतं. अशा वेळी हे यंत्र खेळण्यापेक्षा पंचनाम्याचं साधन ठरतं. २००५मध्ये अक्षरशः तसंच झालं. 'जीटीए: सॅन अँड्रियास'च्या पीसी आवृत्तीत एक दडवलेला लैंगिक प्रसंग मॉडमुळे उघड झाला, तेव्हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने खापर हॅकर मंडळींवर फोडलं. पण प्लेस्टेशन २ च्या डिस्कमध्ये बाहेरून कुणाला काही घालता येत नाही. ॲक्शन रिप्लेच्या कोडांनी तोच प्रसंग त्या डिस्कवरही दाखवला आणि तो मुळापासून आतच होता हे सिद्ध झालं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या मानांकन मंडळाने गेमला केवळ प्रौढांसाठीचा शिक्का मारला.

गेम कंपन्यांना हे सगळं रुचणारं नव्हतंच. निन्टेन्डो आणि गालूब यांचा खटला १९९२मध्ये अमेरिकेच्या नवव्या अपील न्यायालयात निकाली निघाला. जीनीमुळे दिसणारा बदललेला खेळ म्हणजे मूळ कृतीवर बेतलेली नवी कृतीच, असा निन्टेन्डोचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. कॅलिडोस्कोप एखाद्या चित्रावर रोखला म्हणून काही तो बेकायदा ठरत नाही, असा दाखला निकालात आहे. खटला चालू असताना विक्री रोखून धरल्याबद्दल गालूबला दीड कोटी डॉलर भरपाई मिळाली. युरोपात सोनी आणि डेटेलची झुंज त्याहून कितीतरी चिवट. पीएसपीवरच्या 'मोटरस्टॉर्म: आर्क्टिक एज' या शर्यतीच्या गेममध्ये ॲक्शन रिप्लेने टर्बोवरची बंधनं उठवली, म्हणून सुरू झालेला वाद जर्मन न्यायालयांतून युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. रहस्यकथेचा लेखक वाचकाला शेवटचं पान आधी उघडण्यापासून रोखू शकत नाही, असं तिथले महाधिवक्ता माचेय श्पुनार यांनी आपल्या मतात म्हटलं. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला: प्रोग्रॅम तसाच ठेवून फक्त रॅममधले बदलते आकडे बदलले, तर संगणक प्रोग्रॅमविषयीच्या कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा भंग होत नाही. कॅमेऱ्याची जागा हाही असाच एक बदलता आकडा. २४००ची युक्ती मात्र या सवलतीत बसेल की नाही, हा वकिलांच्या चर्वितचर्वणाचा विषय आहे, कारण तिथे आकड्याला नव्हे, आज्ञेलाच हात लागतो.

दरम्यान बनवणारेही थोडे सैल झाले. 'मेटल गिअर सॉलिड ३' २००४मध्ये डोक्यावरून बघणारा कॅमेरा घेऊन आला. पुढच्याच वर्षी निघालेल्या 'सब्सिस्टन्स' आवृत्तीत कोजिमांनी स्वतःच खेळाडूला फिरता कॅमेरा देऊन टाकला. 'ग्रॅन टुरिस्मो ४'ने गाड्यांचे फोटो काढायची सोय केली आणि २०१४नंतर फोटो मोड ही रीतच पडली. पण त्या कॅमेऱ्याच्या पायात दोरी असते. पात्रापासून काही पावलांवर तो अडतो. पोकळ डोंगराची मागची बाजू कंपनी हौसेने कशाला दाखवेल? ती बघायची हौस असणारे आता एम्युलेटरकडे, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळतात. गेमक्यूब आणि वी साठीच्या 'डॉल्फिन'मध्ये मोकळा कॅमेरा ही साधी सेटिंग आहे. शेसेझ या नावाने ओळखला जाणारा यूट्यूबर 'बाउंड्री ब्रेक' मालिकेत हेच करतो: कॅमेरा हद्दीबाहेर नेतो आणि तिथे काय पडलं आहे ते दाखवतो.

जुन्या डब्यांची दुकानदारी आटली, कोड मात्र टिकले. १९९७मध्ये शोधलेली ओळ आजच्या एम्युलेटरमध्ये जशीच्या तशी चालते, कारण कॅसेटमधला प्रोग्रॅम तेव्हापासून बदललेला नाही आणि प्रत्येक आकडा आपापल्या पत्त्यावर आहे. फक्त आवृत्ती तीच हवी. अमेरिकन कॅसेटचा कोड युरोपच्या कॅसेटला लागू पडत नाही. आजच्या कन्सोलवर नव्या गेमचे अपडेट येत राहतात, एका अपडेटने पत्ते सरकतात, आणि कॅमेरा शोधणाऱ्याला पात्राला पुन्हा जिन्याशी न्यावं लागतं.