विशेषणांची रांग

सुमारे सात वर्षांच्या एका मुलाने ड्रॅगनची गोष्ट लिहून आईला दाखविली. तीत ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ असे शब्द होते. आई ड्रॅगनविषयी काहीच बोलली नाही. ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ असेच म्हणावे लागते, एवढे मात्र तिने सांगितले. असे का, हा प्रश्न मुलाच्या मनात घर करून राहिला. तो मुलगा म्हणजे पुढे ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक झालेले विख्यात कथाकार जे. आर. आर. टॉल्किन. १९५५ साली कवी ऑडेन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण सांगितली आणि तो प्रश्न आपल्याला अद्यापही पडतो, असे कळविले.

इंग्रजीत नामापूर्वी अनेक विशेषणे आली, की ती साधारणपणे ठराविक रांगेत उभी राहतात : प्रथम मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळस्थान, द्रव्य आणि शेवटी उपयोग. म्हणून ‘ब्यूटिफुल स्मॉल ओल्ड ब्राउन वुडन बॉक्स’ हे कानाला रुचते. ‘वुडन ब्राउन ओल्ड’ खटकते. यामागे एक तत्त्व दिसते. सौंदर्य पाहणाऱ्याच्या दृष्टीत असते, लाकूड मात्र पेटीच्या घडणीतच असते. जो गुण वस्तूशी अधिक निगडित, तो नामाच्या अधिक जवळ. अर्थात, या रांगेलाही अपवाद आहेत. ‘बिग बॅड वुल्फ’मध्ये मतदर्शक ‘बॅड’ मागे राहतो. ‘झिगझॅग’प्रमाणे तेथे ध्वनीचा क्रम वरचढ ठरतो, असे मानले जाते.

मराठी विद्यार्थ्याला ही यादी घोकताना धास्ती वाटते. परंतु ‘सुंदर नवी पांढरी सुती साडी’ आपण सहज म्हणतो. ‘सुती पांढरी नवी सुंदर साडी’ आपल्यालाही अवघडल्यासारखी वाटते. मराठीत शब्दांना मोकळीक अधिक असली, तरी या क्रमाची जाण मातृभाषेने आपल्याला आधीच दिलेली असते.

म्हणून मुलाचा क्रम चुकला, तर ते बुद्धीचे उणेपण समजून रागावू नये. त्याच्याकडून चांगली इंग्रजी वाक्ये मोठ्याने वाचून घ्यावीत आणि चुकलेला शब्द शांतपणे जागेवर ठेवून दाखवावा. टॉल्किन यांच्या आईनेही नियम सांगितला नव्हता, केवळ योग्य शब्दक्रम ऐकविला होता. मुलाची जिज्ञासा जागी होण्यास तेवढे पुरेसे ठरले.