लेहला खड्डा, शेलूला ओटा

इंधनाशिवाय ऊब धरणारं, जमिनीत अर्धं पुरलेलं हरितगृह बघायचं तर लेहला जावं. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवरचं हे गाव. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो. घाट बर्फाने बंद झाले की पूर्वी ताजी पालेभाजी महिनोन्‌महिने मिळत नसे.

डीआरडीओच्या तिथल्या ‘दिहार’ संस्थेने सुचवलेली रचना अगदी साधी आहे. तीनेक फूट खोल चर, त्यावर वासे आणि वाशांवर प्लॅस्टिकचा कागद. दिवसभर ऊन आत येतं आणि माती तापते. सूर्य कलला की कागदावर ताडपत्री नाहीतर जुनी कांबळी पसरायची, सकाळी ऊन आलं की काढायची. हा नेम मोडून चालत नाही. लडाखात दुसराही प्रकार दिसतो. त्यात तीन बाजूंना कच्च्या विटांच्या जाड दुहेरी भिंती, त्यांच्या पोटात पेंढा आणि दक्षिणेला फक्त कागद. डिसेंबरात भर दुपारीही तिथला सूर्य साधारण ३२ अंशांपलीकडे चढत नाही, त्यामुळे तिरपं ऊन थेट मागच्या भिंतीवर पडतं. ती भिंत आतून काळी रंगवतात. दिवसा शोषलेली ऊब ती रात्री पिकाला देते. बाहेर सगळं गोठलेलं असताना आत पालक उगवतो. विजेशिवाय चालणारी इतकी देखणी रचना मी दुसरी पाहिलेली नाही.

आपल्या कर्जत तालुक्यातल्या शेलूला मात्र ती जशीच्या तशी आणू नये. इथे डिसेंबरातही सूर्य ४७ अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर तो दुपारी डोक्यावरून उत्तरेकडे झुकतो. तेव्हा उत्तरेची बंद भिंत फक्त वारा अडवेल. खरी अडचण पाण्याची आहे. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसात कोसळतो. खणलेल्या चराची विहीर व्हायला एक रात्र पुरते.

लडाखची भाजीची टंचाई जानेवारीतली, आपली जुलैतली. म्हणून इथे जमीन उचलावी. उंच गादीवाफे, वर कागदाचं छप्पर, चारही बाजूंना वारा खेळेल अशी जाळी, छपराला पन्हळ आणि भोवती उतार दिलेला चर. पन्हळीचं पाणी टाकीत साठवलं, तर पाऊस सरल्यावर वाफ्यांना उपयोगी पडेल.

शेलूत हरितगृह बांधणाऱ्यांनी एक पावसाळा आपल्या जागेवर पाणी कुठे तुंबतं ते बघावं आणि मगच आराखडा काढायला घ्यावा.