जुन्या मोटरसायकलचा चोक आणि कार्ब्युरेटर

पौषांतील पहांट आहे. दूध घालणारा एक गृहस्थ मागें कॅन बांधून उभा आहे, आणि महिन्यापूर्वीं विकत घेतलेली त्याची जुनी बुलेट वीस किका मारूनहि सुरू होत नाहीं. शेजारी जमतात, कोणी म्हणतो इंजिन उतरलें. दिवस उजाडल्यावर मिस्तरी येतो आणि इंजिन खोलावयास सांगतो. तेवढ्या खर्चाची तरतूद त्या घरांत नसते. हा प्रसंग काल्पनिक असला तरी जुन्या बाजारांतील वाहन घेणाऱ्या पुष्कळांच्या वांट्यास तो येतो. आणि अशा तक्रारींचें मूळ अनेकदां इंजिनांत नसून त्याच्या मागें बसविलेल्या, मुठीएवढ्या कार्ब्युरेटरांत असतें.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे बी. एस. ६ निर्बंध लागू झाले व नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. परंतु जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, विकल्या जात आहेत, आणि त्यांचा धंदा करणारे तरुण मिस्तरी मात्र नव्या यंत्रणेकडे वळत आहेत. तेव्हां मालकानेंच हें उपकरण थोडेंबहुत ओळखून घेणें इष्ट.

पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं. त्याची वाफ होऊन ती हवेंत मिसळावी लागते. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा हें प्रमाण चांगलें. हवा अरुंद गळ्यांतून वेगानें जाऊं लागली म्हणजे तेथील तिचा दाब कमी होतो. हें तत्त्व बर्नूलीनें १७३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें. अत्तराच्या फवाऱ्यांत जें घडतें तेंच कार्ब्युरेटरच्या गळ्यांत घडतें. खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढलें जाऊन त्याचे तुषार होतात. या छिद्रांना जेट म्हणतात. इंजिन मंद चालत असतां पायलट जेट काम करतो व मूठ पूर्ण पिळली असतां मेन जेट. वाटींत पेट्रोल किती असावें हें फ्लोट ठरवितो. घरावरील टाकींतील तरंगता गोळा जसा पाणी बंद करतो तसाच तो.

थंड इंजिनांत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. यास्तव आरंभीं मिश्रणांत पेट्रोल अधिक लागतें, व तें देण्याची योजना म्हणजे चोक. कांहीं गाड्यांत चोक म्हणजे हवेच्या वाटेवरील एक पडदा असतो. पुष्कळ बुलेटांवर जो मिकार्ब कार्ब्युरेटर येत असे त्यांत पडदा नसून स्वतंत्र लहानशी वाट असते. दांडी ओढली म्हणजे तिच्या तोंडावरचा दट्ट्या उचलला जातो आणि जादा पेट्रोल गळ्यांत येतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही वाट मूठ बंद असतांनाच जोरानें पेट्रोल ओढते. चोक ओढून, घाईनें मूठ पिळून जो किका मारतो तो आपल्याच हातानें चोक निकामी करीत असतो. दूधवाल्याच्या वीस किकांपैकीं निम्म्या अशाच वायां गेल्या असण्याचा संभव आहे! त्याहून जुन्या अ‍ॅमल पद्धतीच्या कार्ब्युरेटरवर टिकलर नांवाची कळ असते. ती दाबली म्हणजे फ्लोट खालीं जाऊन वाटी भरून येते.

आतां दोष कसा ओळखावा? प्रथम प्लग काढून ठिणगी पाहावी. ठिणगीच नसेल तर कार्ब्युरेटर खोलणें व्यर्थ. ठिणगी ठीक असल्यास प्लगचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. कोरड्या काजळीनें काळा असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढरट असेल तर पेट्रोल कमी. या दोन दिशांपैकीं कोणती, हें ठरल्यावांचून स्क्रूस हात लावूं नये. पुष्कळ कार्ब्युरेटर रोगानें नव्हे तर अशा उपचारानें बिघडतात.

चोक ओढला असतां गाडी चालते, बंद करतांच बंद पडते, असें असेल तर मंद गतीचें पेट्रोल अपुरें पडत आहे. बहुधा पायलट जेट तुंबलेला असतो. त्याचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान; गाडी कांहीं महिने उभी राहिली म्हणजे वाटींतील पेट्रोल आटून चिकट थर बसतो व छिद्र बुजतें. अलीकडे याला आणखी एक कारण झालें आहे. भारतांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २०२२ सालीं दहा टक्क्यांवर व २०२५ सालीं वीस टक्क्यांवर नेण्यांत आलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें आणि जुन्या प्रकारचें रबर खराब करतें. म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असल्यास वाटी रिकामी करावी. जेट काढून उजेडाकडे धरावा. पलीकडचा प्रकाशबिंदु गोल व स्वच्छ दिसला पाहिजे. पोलादी तार किंवा सुई घालूं नये. छिद्र मोठें झालें कीं तो जेट कायमचा गेला. पंपाची हवा आणि साफ करण्याचें द्रव एवढें पुरतें. जेट स्वच्छ असूनहि तक्रार राहिली तर कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील सांधा पाहावा. गाडी मंद चालू ठेवून कार्ब्युरेटर हातानें किंचित् हलवावा. आवाज बदलला तर तेथून हवा शिरते आहे. असें अशक्त मिश्रण उपेक्षूं नये, कारण तें इंजिन तापवितें.

याच्या उलट काळा धूर, काळा प्लग, आणि तापलेली गाडी पुन्हां सुरू होण्यास त्रास, ही लक्षणें जादा पेट्रोलाचीं. एअर फिल्टर धुळीनें भरला आहे काय, चोकची दांडी पुरती परत जाते काय, हें आधीं पाहावें. दांडी परत जाऊनहि दोष राहिला तर दट्ट्याच्या टोकाचें रबर तपासावें. तें झिजलें किंवा फुगलें कीं चोक बंद दिसतो, पण आंतून सदैव चालूच असतो. रबराच्या या लहानशा तुकड्यापायीं इंजिनें खोललीं जातात. दुर्लक्ष केल्यास मात्र खरेंच इंजिन खोलावें लागतें, कारण जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेतें.

नळींतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई कचऱ्यानें अडकली आहे किंवा झिजली आहे. पितळी फ्लोट काढून कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल खळखळलें तर तो फुटला. अशी गाडी रात्रीं कॉक उघडा ठेवून घरांत उभी करूं नये, आणि खोलतांना जवळपास दिवा, बिडी, चूल कांहींहि नसावें. मंद गतीस ठीक पण चढावर गचके देणारी गाडी असेल तर मेन जेट पाहण्यापूर्वीं टाकीचें झांकण क्षणभर सैल करावें. झांकणाचें हवेचें भोंक बुजल्यानेंहि पेट्रोल खालीं उतरत नाहीं.

हवेचा स्क्रू शेवटीं, तोहि इंजिन तापल्यावर. तो हलक्या हातानें पुरता बसवून सुमारें दीड फेरा उलटा फिरवावा, मग थोडा इकडे-तिकडे करून जेथें इंजिन सर्वांत सुरळीत व जलद चालेल तेथें ठेवावा, आणि गति स्लोच्या स्क्रूनें उतरवावी. मिकार्बवर हा स्क्रू आंत गेला म्हणजे पेट्रोल वाढतें. ज्या कार्ब्युरेटरवर तो इंजिनाच्या बाजूस असतो तेथें बहुधा याच्या उलट होतें.

गाडी विकत घेतांनाच ही परीक्षा करावी हें उत्तम. विकणारा पुष्कळदां गिऱ्हाईक येण्यापूर्वीं इंजिन तापवून ठेवतो. म्हणून प्रथम इंजिनास हात लावावा, आणि तें ऊन लागलें तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं यावें. त्याच वेळीं तेलाची कांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर गळलेलें पेट्रोल खालीं तेलांत उतरलें आहे, आणि तें तेल बदलल्याखेरीज किक मारूं नये.