खोक्यातून आलेला स्वयंपाक

कोल्हापुरात आता तांबडा-पांढरा रस्सा खोक्यातून घरी येतो. तयार रस्सा नव्हे, रस्सा करायचं सामान. मोजून भरलेल्या पुड्या, ओल्या वाटणाची हवाबंद पिशवी, खडा मसाला, नारळाच्या दुधाची पावडर आणि सोबत कृतीचं कार्ड. मटण तेवढं आपण आणायचं. ज्याला स्वयंपाकातलं काहीच येत नाही अशा माणसाच्या हाती हे खोकं पडलं तर नेमकं काय होतं, हे मी गेलं वर्षभर अनुभवतो आहे.

आई गेल्यावर घरात वडील आणि मी असे दोघेच उरलो. सुरुवातीला खानावळीचा डबा लावला. डबा पोटभर असायचा, करणाऱ्या बाईंच्या हाताला चवही होती. पण संध्याकाळी घरात फोडणीचा वास येईना आणि वडिलांचं जेवण कमी कमी होत गेलं. तेव्हा ठरवलं, जमेल तसं आपणच रांधायचं. बाजारात जाऊन काय आणायचं हेच कळत नसलेल्या माणसाला खोक्याचा मोठा आधार वाटला. सगळं मोजलेलं, सगळं ओळीनं.

ही कल्पना मूळची स्वीडनची. किकी थेआंडर या बाईंनी २००७ साली तिथं ‘मिद्दाग्सफ्रिद’ नावाची सेवा सुरू केली. आठवड्याचा बेत त्यांनी ठरवायचा, सामान मोजून घरी पोचवायचं आणि रांधायचं काम घरच्यांनी करायचं. २०११ मध्ये बर्लिनला ‘हॅलोफ्रेश’ निघाली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ‘ब्लू एप्रन’. नोकरी करणारं जोडपं, दमून घरी येणारी माणसं, फ्रीजमध्ये काय आहे याचा पत्ता नाही, अशा घरांना ही सोय पटली. आपल्याकडं मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत तसे प्रयोग झाले. कोल्हापूरसारख्या गावात मात्र ही कल्पना मसाल्याच्या वाटेनं आली. इथं लोकांना बेत सुचवावा लागत नाही. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी काय शिजणार हे घरोघरी ठरलेलं असतं. अडतं ते वाटणापाशी.

परदेशी खोक्यांवर मोठा आक्षेप असतो तो प्लास्टिकचा. चिमूटभर जिऱ्यालाही वेगळी पुडी. त्यावर मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेच पदार्थ दुकानातून सामान आणून केले तर होणारं कार्बन उत्सर्जन आणि खोक्यातून केले तर होणारं, यांची तुलना त्यांनी केली. वेष्टणाचा एवढा कचरा धरूनही खोक्याचं उत्सर्जन सरासरी सुमारे पाव हिश्शानं कमी भरलं, कारण मोजून आलेलं अन्न वाया जात नाही. अमेरिकेत कोथिंबिरीची जुडी, क्रीमचा डबा, मसाल्याची बाटली हे सगळं अख्खंच घ्यावं लागतं आणि उरलेलं टाकलं जातं.

हा हिशेब कोल्हापूरला जसाच्या तसा लागू होत नाही असं माझं मत आहे. कपिलतीर्थ मंडईत दहा रुपयांचं आलं मिळतं. भाजी घेतली की चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या पिशवीत पडतात. किराणा दुकानदाराला ‘अर्ध्या किलो मटणाचा खडा मसाला द्या’ म्हटलं की तो लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा, तमालपत्र, दगडफूल हातानंच उचलून कागदात बांधून देतो. मोजून भरलेली पुडी ही इथली रोजची रीत आहे. म्हणून आपल्याकडं खोक्याची किंमत सामानाच्या मापात नाही. ती वाटणाच्या कष्टात आणि कृतीच्या कार्डात आहे, आणि त्याच दोन गोष्टींवर ते खोकं पारखायला हवं.

आधी वाटण. तांबड्याला कांदा आणि सुकं खोबरं भाजून घ्यायचं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर घालून बारीक वाटायचं. नवख्याचे दोन तास इथंच जातात आणि तरीही खोबरं एका बाजूला करपतं, दुसऱ्या बाजूला पांढरंच राहतं. बंद पिशवीतलं वाटण हे काम नीट करून देतं. पण ते ओलं असतं आणि ओलं वाटण उन्हाळ्यात लवकर आंबतं. पिशवीवर तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असायलाच हवा. पिशवी फुगलेली आली तर ती उघडून वास घेत बसू नये, परत करावी.

कार्डाची गोष्ट निराळी. ‘मध्यम आचेवर पाच मिनिटं परता’ असं बहुतेक कार्डांवर छापलेलं असतं. आमच्या घरातलं पातेलं जाड बुडाचं आणि शेगडी जुनी. आमची मध्यम आच वेगळी, कार्ड लिहिणाऱ्याची वेगळी. शेजारच्या काकू एकदा दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “घड्याळाकडं काय बघतोस? कडंनं तेल सुटू दे की आधी.” सगळी कृती त्या एका वाक्यात होती. वाटण तेलात पडलं की आधी ते तेल पिऊन घेतं. मग त्यातलं पाणी उडू लागतं, फसफस आवाज येतो. आवाज बसला, वाटण गोळा होऊन पातेल्यापासून सुटायला लागलं आणि कडेला तेलाची रेघ दिसली, की कच्चेपणा गेला. हे आठ मिनिटांत होईल किंवा पंधरा. कार्डावर मिनिटं छापण्यापेक्षा ही खूण छापली तर शिकणाऱ्याचं खरं भलं होईल.

पुढची पायरी चटणीची. मिरचीचा तांबडा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून चटणी तेलातच घालायची. पण तेल फार तापलेलं असेल तर ती क्षणात जळते, रंग काळपट होतो आणि ठसका लागतो. गॅस बारीक करायचा, चटणी घालायची, दोनदा हलवायची आणि लगेच पळीभर गरम अळणी ओतायचं. अळणी म्हणजे आलं-लसूण आणि मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं पाणी. गार पाणी घालायचं नाही, रश्शाचा कट बसतो. उकळतं घातलं तर थोड्या वेळात तांबडं तेल वर येतं. ते पहिल्यांदा नीट वर आलं त्या दिवशी वडिलांनी वाटी पुढं केली आणि दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

पांढरा रस्सा त्याहून नाजूक. खोक्यावरचं चित्र पाहून तो सोपा वाटतो, कारण त्यात भाजणं नाही, रंग नाही. पण नारळाचं दूध फार उकळलं की फाटतं. त्यातली प्रथिनं गोठतात, स्निग्धांश वेगळा होतो आणि रश्शावर चुरा तरंगतो. काजू, खसखस, तीळ यांचं बारीक वाटण याच कामासाठी असतं. दाटपणा तर येतोच, शिवाय दूध धरून ठेवायलाही त्याची मदत होते. तुपात खडा मसाला तडतडला की वाटण घालून ते पांढरंच राहील इतपत परतायचं, मग अळणी घालून एक उकळी आणायची. दूध सर्वांत शेवटी. दुधात आधी दोन पळ्या कोमट अळणी मिसळून ते पातेल्यात धारेनं सोडायचं, आच मंद, पळी सतत फिरती. वाफ येऊ लागली की गॅस बंद. पावडरीचं दूध ताज्या नारळाच्या मानानं कमी फाटतं, म्हणून नवख्यानं सुरुवात तिनंच करावी. चवीत मात्र ताज्या नारळाची सर तिला नाही.

मटण खोक्यात येत नाही, ते योग्यच आहे. कोल्हापूरचा माणूस बंद पिशवीतलं मटण घेणार नाही. २०१९ च्या अखेरीला इथं मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, कसबा बावड्यातून विरोधाला सुरुवात झाली आणि गावोगावी बैठका बसल्या. मटणाचा भाव हा इथं घराघराचा प्रश्न आहे. खाटकाकडं गेल्यावर तो आधी विचारतो, “रश्श्याला पाहिजे का सुक्याला?” रश्श्याला म्हटलं की तो नळी आणि हाडं बघून टाकतो, कारण हाडाशिवाय अळणीला अंग येत नाही. कुठल्याही कार्डावर न छापलेलं हे ज्ञान त्या दुकानात उभं राहिल्यावर फुकट मिळतं.

मोजमापाचा विचार करताना मला कमलाबाई ओगले यांची आठवण येते. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या या बाईंचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्याआधीही मराठीत पाकशास्त्राची पुस्तकं होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं. पण वाटी आणि चमचा यांच्या भाषेत, नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला एकटीनं करता येईल इतकं स्वच्छ प्रमाण देणारं पुस्तक म्हणून ‘रुचिरा’ घराघरात गेलं. शहरात सासू-आईपासून दूर राहणाऱ्या मुलींची ती गरज होती. आज तीच गरज पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांना आहे, आणि माझ्यासारख्या उतारवयाकडं झुकलेल्या पुरुषांनाही. खोकं ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

तयार पिठांची वाट तर त्याहून जुनी. पुण्याची ‘गिट्स’ १९६३ पासून तयार मिश्रणं विकते आहे. दिवाळीत बचत गटांच्या महिला चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ विकतात, तेही अर्धी कृती विकत घेणंच. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून दळायचे, मग गूळ घालून पीठ मुरवायचं. हे सगळं करून दिलेलं पीठ घेतलं तरी तळण आपल्यालाच करावं लागतं, आणि अनारसा हसतो तो तळणाऱ्याच्या हाती. त्यामुळं विकतचं पीठ घेतलेल्या बाईला कमी लेखण्यात काही अर्थ नाही.

वर्षभर ही खोकी वापरल्यावर एक गोष्ट मला लख्ख दिसली. कोल्हापूरच्या घरात सगळ्यांत चांगलं खोकं पूर्वीपासून आहे. ते बरणीत असतं. कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात रंगासाठी ब्याडगी आणि चवीला जवारी संकेश्वरी मिरची आणायची, ती वाळवायची, देठं काढायची. धणे, जिरे, तीळ, खसखस, खोबरं आणि खडा मसाला एकेक करून तेलावर भाजायचा. कांदा तांबूस तळायचा, लसूण सोलायचा आणि सगळं डंकावर कांडून आणायचं. त्या दिवसांत डंकाच्या गल्लीत शिरलं की शिंका थांबत नाहीत. बाया डोक्याला पदर गुंडाळून आपापल्या डब्यापाशी बसलेल्या असतात, आपल्या मिरचीत दुसरीची मिरची मिसळू नये म्हणून. वर्षभराच्या स्वयंपाकातलं भाजणं, तळणं, वाटणं एकदाच उरकलेलं असतं. ही चटणी घरात असली की नवख्यालाही अख्खा मसूर जमतो. भिजवलेला मसूर शिजवून घ्यायचा, तेलात कांदा लाल करायचा, टोमॅटो, मग चटणी, मग मसूर आणि गरम पाणी. वांगं असो, मटकी असो, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली दोडक्याची भाजी असो, कृती तीच. मी शिकलो तो मुख्यतः या बरणीच्या जोरावर. खोक्यानं रीत दाखवली आणि चटणीनं रोजचा सराव करून घेतला.

खोक्यांच्या धंद्याची अडचणही इथंच आहे. ‘ब्लू एप्रन’ २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचं मोल सुमारे १९० कोटी डॉलर धरलं गेलं. २०२३ मध्ये ती १० कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. स्पर्धा होती, खर्च अफाट होता, पण मला त्यात आणखी एक कारण दिसतं. जो शिकतो तो खोकं सोडतो, आणि जो शिकत नाही तो कंटाळून सोडतो. चार-दोन वेळा हातानं केलेल्या पदार्थाच्या पुड्या माणूस पुन्हा का मागवील? मीही पांढऱ्याचं खोकं आता मागवत नाही. तांबड्याचं ओलं वाटण मात्र अजून घेतो, कारण तेवढं खोबरं भाजायला कामाच्या दिवशी वेळ नसतो आणि ते करणाऱ्या बाईंचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

अशी खोकी करणाऱ्या महिला आता गावोगावी दिसू लागल्या आहेत. त्यांनी वाटण एका वेळेपुरतंच भरावं, दोन किलोंचं नको. तिखटाची पुडी वेगळी द्यावी, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोसेल तेवढीच घालता येते. वडिलांसाठी मी निम्मीच घालतो. कार्डावर मिनिटांऐवजी रंग, वास आणि आवाज लिहावेत, तेलाची रेघ कशी दिसते त्याचा फोटो छापावा आणि खोक्याशिवाय हाच रस्सा करायचा झाला तर काय किती घ्यायचं, तेही मागच्या बाजूला द्यावं. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. पण ज्या बाईनं आपल्याला हात धरून शिकवलं तिच्याकडूनच लोक उन्हाळ्यात चटणी आणि दिवाळीत भाजणी मागवतील. माझी यंदाची भाजणी मी तिथंच सांगितली आहे.