कॉम्प्युटर अडकला, तर आधी पुरावा जपा

सातारा-सांगली भागातील कापड दुकानदार असो, विट्याचा यंत्रमागधारक असो की मिरजेचा सतार बनविणारा कारागीर असो, आज बहुतेकांची उधारी, स्टॉक आणि बिले कॉम्प्युटरमध्ये आहेत. २०१७ साली जीएसटी आल्यापासून लाल वहीवर भागत नाही. त्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. हा सारा हिशेब एका हार्ड डिस्कवर असतो. म्हणूनच ती डिस्क अडकू लागली, की आपल्या व्यापारी बांधवांनी काय करावे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

अडकण्याची लक्षणे ओळखीची आहेत. माऊस हलतो, पण बिल उघडत नाही. डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो. अशा वेळी आपण घाईने बटण दाबून मशीन बंद करतो. पुढे मेकॅनिक येतो तेव्हा मशीन ठीक चालते. वॉरंटीचा दावा केला, तर दुकानदार म्हणतो, "यात काहीच बिघाड नाही." आपल्या हाती पुरावा नसतो.

हा पुरावा विंडोज स्वतःच लिहीत असते. आपण रोजकीर्द लिहितो, तशी तीही तारीख-वेळेसह घडामोडींची नोंद ठेवते. तिला लॉग म्हणतात. डिस्कने उत्तर दिले नाही, तर विंडोज साधारण एक मिनिट वाट पाहते, मग डिस्कला पुन्हा जागे करण्याचा प्रयत्न करते आणि तशी नोंद करते. पण अडचण अशी की ही कीर्दसुद्धा त्याच डिस्कवर लिहिली जाते. डिस्क परत चालू झालीच नाही, तर नोंद राहत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा.

१) पाच मिनिटे थांबा. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर थांबू नका, मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा चालू न करता जाणकाराकडे न्या.

२) मोबाईलने पडद्याचा फोटो घ्या. वेळ, चालू असलेले काम आणि वीज गेली-आली होती का, हे कागदावर लिहा.

३) मशीन सुरू झाल्यावर सर्वप्रथम हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

४) नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात विंडोज लॉग्ज, त्याखाली सिस्टीम. उजवीकडील 'सेव्ह ऑल इव्हेंट्स अॅज' निवडून फाईल पेनड्राइव्हवर ठेवा. या कीर्दीला साधारण २० एमबीचीच जागा असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून आठवडाभर टाळाटाळ करू नये.

नोंदीतील क्रमांक बोलके असतात. 'डिस्क' या नावाखालील ७ म्हणजे डिस्कवरील जागा खराब झाली. १५३ म्हणजे वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. १२९ म्हणजे उत्तर न मिळाल्याने डिस्कला पुन्हा जागे करावे लागले. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता थांबले. १२९ दिसला म्हणून डिस्कच गेली असे समजू नये. केबल, वीजपुरवठा किंवा ड्रायव्हरही दोषी असू शकतो. केबल बदलूनही तीच नोंद येत राहिली, तर संशय पक्का होतो. ४१ एकटाच असेल, तर आधी यूपीएसची बॅटरी तपासा.

दोन गोष्टी मात्र टाळा. नक्कल घेण्याआधी चेक डिस्क चालवू नका, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर त्याचा आणखी भार पडतो. आणि मेकॅनिकने "फॉरमॅट मारून देतो" म्हटले, तर आधी लॉग काढून घ्या. फॉरमॅटबरोबर पुरावाही जातो.

मेकॅनिकला लॉगची फाईल, फोटो आणि कागदावरील वेळा द्या. या कामासाठी त्याला गिऱ्हाइकांची उधारी दाखविण्याची गरज नाही. वेळ आणि क्रमांक जुळले, की दुरुस्तीचा खर्च नेमका कशावर करायचा हे ठरते आणि वॉरंटीच्या मुदतीत आपला दावा कोणी सहज झटकू शकत नाही.