सशांची लस आणि बदलता विषाणू

1984 साली चीनच्या जिआंग्सू प्रांतात धडधाकट अंगोरा ससे यकृत निकामी होऊन दोन-तीन दिवसांत मरू लागले. कॅलिसिव्हायरस गटातल्या विषाणूमुळे होणारा हा सशांचा रक्तस्रावी रोग. त्यावर लस निघाली आणि प्रश्न सुटला असे वाटले. पण 2010 मध्ये फ्रान्समध्ये याच विषाणूचा दुसरा प्रकार आढळला. पहिल्या प्रकारातून लहान पिल्ले बहुधा वाचत. नव्या प्रकाराने त्यांनाही गाठले आणि जुनी लस टोचलेले ससेही दगावले. लस पुन्हा नव्याने घडवावी लागली. म्हणजे लस हा संशोधनाचा शेवट नव्हे. विषाणूवर कायम नजर ठेवणे हेच खरे संरक्षण.

माणसाला हा रोग होत नाही, मग खर्च कशाला, असा आक्षेप येतो. पण यात ससेपालकाची कमाई बुडते आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये रानससे घटले की त्यांवर जगणारा आयबेरियन लिंक्सही संकटात येतो. नुसती स्वच्छता पुरेल असेही नाही, कारण मेलेल्या सशात, पिंजऱ्यावर, कपड्यांवर हा विषाणू दीर्घकाळ तग धरतो. बदललेला विषाणू ओळखता येतो तो नमुन्यांच्या तपासणीतूनच. म्हणून ससे अचानक मेले तर नुसते पुरून मोकळे होऊ नका. पशुवैद्यकांना लगेच कळवा.